तांबड्या ठिपक्याची ताटं

पुण्याहून शोभाताईंचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सुमनताई, झाला का लेख?" त्यांच्या महिला मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्यात मी माझा अमेरिकेचा प्रवास लिहावा, असा त्यांचा हट्ट आहे. "नायगारा नको हं," त्यांनी आधीच बजावलंय. "दरवर्षी तिघीजणी नायगाराच लिहितात. तुम्ही त्या काउंटरचं लिहा. आपण सगळे गेलो होतो ना!"

गेलो होतो. म्हणूनच तर हात चालत नव्हता. अडतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते मी. पेशंटच्या कागदांवर किती लिहिलं असेल त्याला सुमार नाही, पण चार पानांसाठी चार महिने कधी लागले नव्हते. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा विमानतळावरच्या उपम्यापाशी अडकले. आता तो उपमा राहू द्या. जे झालं ते, जसं झालं तसं लिहिते.

मॉरिसव्हिल

माझा मुलगा प्रशांत नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला राहतो. हे गाव अमेरिकेत आहे असं मला पहिले आठ दिवस पटलंच नाही. कोथिंबीर मिळते, पोहे मिळतात, संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला गेलं की दहातली चार माणसं "काय, कधी आलात?" म्हणून मराठीत विचारतात. घरं मात्र एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. पहिल्याच आठवड्यात मी एकटी फिरून आले आणि भलत्याच घराची बेल वाजवून उभी राहिले. दार उघडलं ते आंध्रातल्या एका आजीनं. तिला माझं कळेना, मला तिचं. शेवटी तिनं मला बसवून कॉफी पाजली आणि तिच्या नातवानं घरी आणून सोडलं.

एप्रिल महिना होता. तिकडे एप्रिलमध्ये पाइनच्या झाडांचे पराग गळतात. गाड्या, पायऱ्या, टपालाची पेटी, सगळ्यावर पिवळी धूळ, हळदीचं पोतं फुटावं तशी. नागपूरला आमच्या वस्तीत तेव्हा जयंतीच्या निळ्या पताका लागत होत्या आणि मी तिकडे शिंका देत पिवळं अंगण झाडत होते. शेजारची बाई म्हणाली, झाडू नका, उद्या पुन्हा पडेल. ऐकते कोण!

त्याच आठवड्यातली गोष्ट. सून ऑफिसला गेली होती, नात शाळेत. प्रशांत माझ्यासमोर येऊन बसला.

"आई, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"सांग ना. काहून घाबरून राहिला?"

"इथे आपलं आडनाव कोणाला माहीत नाही. मी बाबांचं नावच लास्ट नेम म्हणून लावतो."

ते मला ठाऊक होतं. त्याच्या कागदांवर नुसतं 'प्रशांत दिनकर' पाहिलं होतं. पण मला वाटलं होतं, कोण्या कारकुनाची चूक असेल.

"आणि फोनवर तू ते जयभीम म्हणतेस... म्हणजे घरात म्हण, पण मंदार वगैरे आलेले असले की नको."

आम्ही बौद्ध. त्याआधीचं काय ते मराठी वाचकाला फोडून सांगायला नको.

माझ्या हाताला खाज सुटली होती. त्रेचाळीस वर्षांचं पोट्टं, पण एक कानफटात द्यावी असं वाटलं. मी म्हटलं, "लाज वाटते का रे तुला?"

"लाज नाही, आई. मागच्या कंपनीत एकाला कळलं होतं. कोणी काही बोललं नाही. फक्त लंचला जाताना माझ्या डेस्कपाशी थांबायचं बंद झालं. सगळे आपलेच होते, पुण्या-मुंबईचे. वर्षभर मी गाडीत बसून डबा खाल्ला." मग म्हणाला, "आता मंदार माझा मॅनेजर आहे. चांगला माणूस आहे, फ्रेंड आहे. पण माझ्या ग्रीन कार्डचं सगळं या नोकरीवर अडकलंय. मला रिस्क नाही घ्यायची."

गाडीत बसून डबा खाल्ला, एवढं ऐकलं आणि माझा राग जागच्या जागी बसला. आईच ना मी.

"तन्वीला?" मी विचारलं. तन्वी माझी नात, चौदा वर्षांची.

"तिला काहीच माहीत नाही. तिला कशाला हे?"

हाच मुलगा लहानपणी 'ताटांची गोष्ट' सांगितल्याशिवाय घास घ्यायचा नाही. ती गोष्ट पुढे येईलच. मी त्याला "बरं" म्हणाले आणि उठून डाळ टाकली.

शोभाताई म्हणजे या मंदारच्या आई. त्याही माझ्यासारख्याच सहा महिन्यांसाठी आलेल्या. तळ्याकाठच्या बाकावर आमची गट्टी जमली. बाई लाघवी. मला गुडघ्यासाठी तेल आणून दिलं, माझ्याकडून वडाभात शिकून घेतला, आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "दिनकर म्हणजे मूळचे कोण हो तुम्ही? मूळ आडनाव काय?" मी म्हटलं, "विदर्भातले," आणि समोरच्या खारीकडे बोट दाखवून "अगंबाई, शेपूट बघा हिची!" असं म्हणाले. मग रोजच खारी मोजत बसले.

शनिवार, वाटेत

तन्वीच्या शाळेत एक प्रोजेक्ट होता. आपल्या राज्यात जिथे साध्या माणसांनी अन्यायाविरुद्ध काही केलं, अशी एक जागा बघायची आणि पोस्टर करायचं. तिनं दोन तासांवरचं एक गाव शोधून काढलं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तिथल्या एका दुकानात कॉलेजची कृष्णवर्णीय मुलं नुसती जाऊन बसली होती. मंदार म्हणाला, "आम्ही पण येतो यार, आईला पण आउटिंग होईल." प्रशांत ड्राइव्ह करत होता, शेजारी मंदार, मधे आम्ही दोघी म्हाताऱ्या, आणि मागे तन्वी कानात वायर घालून.

रस्ता सुरेख. दोन्ही बाजूंना उंच पाइन, मधेच तांबडी माती उघडी पडलेली, आणि दर मैलाला एक चर्च. वाटेत झाडांखाली बाकं ठेवलेली एक थांबायची जागा लागली. स्वच्छ इतकी की आमच्या जुन्या वॉर्डाला लाज वाटावी. शोभाताईंनी थालीपीठं काढली, मी लिंबाचं लोणचं. झाकण उघडताना हिसका बसला आणि निम्मं तेल माझ्या फिक्या साडीवर. शोभाताई चटकन खाली बसल्या, ओला कागद घेऊन माझा डाग पुसू लागल्या. गुडघे दुखत असताना. मी नको नको म्हणत होते.

पुसता पुसता म्हणाल्या, "आमच्या पुण्याच्या कामवालीला ही थालीपीठं फार आवडतात. डब्यात घालून देते मी तिला. चहा मात्र तिच्या वेगळ्या कपात हं. तीच म्हणते, ताई, माझा कप वेगळा ठेवा."

प्रशांत उठला आणि आपली कागदी थाळी कचऱ्यात टाकून आला. तिच्यात अर्धं थालीपीठ तसंच होतं.

काउंटर

गावाचं नाव लिहीत नाही, आणि पुढे ज्या बाई येतील त्यांचंही बदललंय. निघताना त्या म्हणाल्या होत्या, सांगायचं तर आम्हा सगळ्यांचं सांगा, एकटीचं नको.

लहानसं गाव. एकच मोठा रस्ता, निम्मी दुकानं बंद. ते दुकान आता संग्रहालय झालंय. आत शिरलं की डाव्या हाताला लांबच लांब काउंटर, त्याच्यासमोर जमिनीत रोवलेली गोल, फिरती स्टुलं, आणि काउंटरच्या मागे भिंतभर आरसा. पूर्वी त्या दुकानात कृष्णवर्णीय माणसाला पेन्सिल घेता यायची, साबण, मोजे, सगळं घेता यायचं. पण त्या स्टुलावर बसून कॉफी मागता यायची नाही. बसायची जागा गोऱ्यांची. यांना हवं तर मागच्या दारानं कागदात बांधून न्यायचं.

तिथे दर शनिवारी मिस अर्लीन येतात. तिकडे म्हाताऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावतात, आपण मागे ताई लावतो तसं. ऐंशी ओलांडलेल्या, केस कापसासारखे, जांभळा स्वेटर, हातात काठी. तेव्हा इथे बसलेल्या अकरा मुलांपैकी आता दोघंच उरलीत, त्यातल्या एक या. माझ्याकडे पाहिलं, साडीवरचा डाग पाहिला आणि म्हणाल्या, "तुमच्यावरही ओतलं वाटतं कोणी?"

प्रशांतनं भाषांतर करायच्या आधीच मी हसले. इंग्रजी मला कळतं, अडतीस वर्षं डॉक्टरांचं ऐकलंय. बोलताना मात्र जीभ अडते. त्यांनी शेजारच्या स्टुलावर थोपटलं. मी बसले. आम्ही दोघी शेजारी, बाकीचे मागे उभे. समोरच्या आरशात सगळे दिसत होते.

त्या सांगत गेल्या आणि प्रशांत शोभाताईंसाठी थोडं थोडं मराठीत सांगत गेला. मिस अर्लीन तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. आधी कितीतरी दिवस चर्चच्या तळघरात तालीम केली होती. कसली? तर मार खायची. निम्म्यांनी खुर्चीवर बसायचं आणि निम्म्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. बसलेल्यानं हात उचलायचा नाही, मान वळवायची नाही, उलट बोलायचं नाही.

"सगळ्यात हार्ड काय होतं?" तन्वीनं इंग्रजीत विचारलं.

"शिव्या खाणं सोपं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या जिवलग मैत्रिणीला शिव्या देणं मला जमेना. ती म्हणायची, दे गं, आणखी घाण दे, नाहीतर तिथे मला रडू येईल."

मग तो दिवस. रविवारचे कपडे घालून, हातात अभ्यासाची पुस्तकं घेऊन अकराजण येऊन बसले. कॉफी मागितली. मिळणार नाही म्हणाले. बरं, म्हणाले, आणि पुस्तकं उघडून बसून राहिले. मागे गर्दी जमली. डोक्यावर साखर ओतली, सॉस ओतला, मोहरीची चटणी ओतली. मिस अर्लीन एकच पान पाच तास वाचत होत्या.

"आणि माझी आई त्या भिंतीच्या मागे होती," त्यांनी काठीनं आरशाच्या पलीकडे दाखवलं. "इथल्या स्वयंपाकघरात. या काउंटरवर गोरी माणसं जो केक खायची, तो तिच्या हातचा."

स्वयंपाक करायला चालायचं हो. बसायला चालायचं नाही.

मॅनेजर आत गेला आणि त्यांच्या आईला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. सगळ्यांसमोर विचारलं, ही तुझी मुलगी आहे का? आईनं मुलीकडे पाहिलं नाही. आरशात पाहिलं. आणि म्हणाली.

प्रशांत थांबला.

"काय म्हणाली?" शोभाताईंनी विचारलं. "अरे सांग ना, काय म्हणाली?"

"म्हणाली..." त्यानं आरशावरून नजर काढली. "म्हणाली, मी या मुलीला ओळखत नाही."

घरी सहा भावंडं होती, मिस अर्लीन म्हणाल्या. बाप नव्हता. दोन आठवड्यांनी आईला तरीही काढून टाकलं. पुढे काही महिन्यांनी काउंटर सगळ्यांना उघडा झाला, तेव्हा त्या आईला म्हणाल्या, चल, कॉफी प्यायला जाऊ. आई आली नाही. "मी तिला त्याच दिवशी माफ केलं होतं. तिनं स्वतःला केलं नाही. मरेपर्यंत घरात कधी केक केला नाही तिनं."

शोभाताई रडत होत्या, अगदी खरंखुरं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काय ही माणसं हो! माणसाला शेजारी बसू द्यायचं नाही म्हणजे काय! आपल्याकडे गरिबी होती, सगळं होतं, पण असलं नव्हतं बाई. हो ना?"

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मलाही कळलं नाही.

तेवढ्यात मिस अर्लीननी माझा हात धरला. "तुम्ही इतक्या लांबून आलात. तुमच्याकडे तुम्हा मुलींना कधी असं बसावं लागलं का?"

"आजी, टेल हर!" तन्वी पुढे आली. "तू म्हणाली होतीस ना, नर्सिंग हॉस्टेलमध्ये थ्री डेज जेवली नव्हतीस? व्हाय? यू नेव्हर टोल्ड मी व्हाय."

एकदा तिनं ताटात भाजी टाकली, तेव्हा माझ्या तोंडून ते निसटलं होतं. पोरीनं लक्षात ठेवलं.

खरं उत्तर असं होतं. हॉस्टेलात आमच्या समाजाच्या आम्ही चौघी होतो. मेसमधली सगळी ताटं मोठ्या मांडणीवर असायची, आमची चार मात्र मोरीजवळ, पालथी. ती चुकून इतरांत मिसळू नयेत म्हणून पाठीमागे तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका. वाढणारी बाई हात उंच धरायची, वरून पडलेल्या डाळीचे शिंतोडे ॲप्रनवर उडायचे. त्याच ॲप्रनमध्ये आम्ही सगळ्या जातींची बाळंतपणं केली, मेलेल्यांची अंगं पुसली, तेव्हा कोणाला ठिपका दिसला नाही. एका रविवारी मी आमची चारही ताटं उचलली आणि मोठ्या मांडणीवर सगळ्यांच्यात घुसवून दिली. संध्याकाळी हलकल्लोळ! मुली जेवेनात. मेट्रनबाईंनी एकेक ताट उलटं करून ठिपके शोधले आणि आमची चार पुन्हा मोरीपाशी नेऊन ठेवली. मग आम्ही चौघी पंगतीत जाऊन बसलो, ताटाशिवाय. ना घोषणा, ना रडणं. ड्यूटी लागली की उठायचं, वॉर्डात औषधं वाटायची, ड्यूटी संपली की परत येऊन तिथेच बसायचं. तीन दिवस नुसतं पाणी. तिसऱ्या संध्याकाळी कोकणातली एक मुलगी आपलं ताट घेऊन आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "माझ्या ताटाला पण ठिपका लाव." मग दुसरी आली, मग तिसरी. जेवणं आटपेपर्यंत निम्म्या मुली आमच्या रांगेत होत्या. दुसऱ्या दिवसापासून मांडणी एकच.

आयुष्यात मी एकच मोठं काम केलं असेल, तर ते हे. आणि ते जिला कळेल अशी बाई माझा हात धरून बसली होती. नात विचारत होती.

मी तोंड उघडलं. समोर आरशात प्रशांत दिसला. त्याच्या बाजूला मंदार, मंदारच्या बाजूला शोभाताई डोळे पुसताहेत. प्रशांतचा चेहरा पाहिला आणि मला गाडीत बसून डबा खाणारा माणूस दिसला.

"मेसचं जेवण वाईट होतं," मी मराठीत म्हणाले. "पोळ्या करपलेल्या असायच्या रोज. म्हणून बसलो होतो आम्ही मुली."

प्रशांतनं त्याचं इंग्रजी केलं. भराभरा, मोकळ्या आवाजात. इतका वेळ तो अडखळत होता, या वाक्याला अजिबात अडखळला नाही.

मंदार हसला, "काकू, हॉस्टेलचं जेवण सगळीकडे सेम!" शोभाताई रडता रडता हसल्या. मिस अर्लीनही हसल्या, "करपलेली पोळी! मी पण बसले असते." माझा हात त्यांनी दोनदा थोपटला आणि सोडला.

मी आरशात पाहत होते. तीन दिवस उपाशी बसलेली एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, आणि आत्ताच चार माणसांसमोर मी म्हणाले होते, मी हिला ओळखत नाही.

परतताना

जेवायला एका ठिकाणी थांबलो. मक्याच्या पिठाची गोल भजी मिळाली, आपल्या भज्यांची लांबची बहीण, पण गोडसर. शोभाताईंना आवडली, त्यांनी बांधून घेतली. मी माझी तन्वीपुढे सरकवली. "दमलात तुम्ही," शोभाताई म्हणाल्या.

पेट्रोल भरताना बाकीचे आत गेले. प्रशांत माझ्या खिडकीपाशी आला, खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "थँक्स, आई."

बाप्पा! लेकरानं आभार मानावेत आणि आईला ते शिवीसारखं लागावं, असंही होतं जगात. काचेवर पिवळी धूळ होती, ती बोटानं पुसत बसले.

शोभाताईंना मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी हा विचार खूप केलाय. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित त्यांनी मला जवळ घेतलं असतं. आणि कदाचित दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या बाकावर मी एकटी असते. मला माहीत नाही. माहीत नाही, हेच तर प्रशांतचं म्हणणं होतं.

पोस्टर

तीन आठवड्यांनी शाळेत पोस्टरं मांडली होती. पालकांना बोलावलं होतं. तन्वीनं मला चार दिवस काही दाखवलं नव्हतं, सरप्राइज म्हणाली होती.

पोस्टरवर वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, 'दोन आज्या'. डावीकडे गोल स्टुलावर पाठमोरी बसलेली मिस अर्लीन. उजवीकडे मी, दोन वेण्या, पांढरी टोपी, समोर ताट, आणि ताटात काळीकुट्ट पोळी. तिच्यातून धूर निघतोय. खाली माझं नाव, आणि लिहिलं होतं की एका आजीनं हक्कासाठी सत्याग्रह केला, दुसरीनं चांगल्या जेवणासाठी. चित्रं पोरीनं झकास काढली होती.

लोक डावीकडचं वाचून गंभीर व्हायचे आणि उजवीकडे येऊन हसायचे. तिच्या बाई माझ्याशी हात मिळवून म्हणाल्या, किती मजेशीर! तन्वीला कोण आनंद. "आजी, एव्हरीबडी लव्हज् यू!"

प्रशांत पोस्टरसमोर उभा होता. दोन ओळी वाचायला किती वेळ लागतो? तो वाचतच होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "मी सांगेन तिला, आई. कधीतरी."

"कधी?"

तेवढ्यात तन्वीनं फोन पुढे केला. "बाबा, आमचा फोटो काढ ना." त्यानं काढला. त्या फोटोत मी हसतेय. पोस्टर आता प्रशांतच्या घरी जिन्यात लावलंय. मी निघेपर्यंत रोज चढता-उतरता त्या करपलेल्या पोळीजवळून जात होते.

नागपूर

घरी आले आणि पहिलं स्वयंपाकघर लावलं. नर्सिंग संपवून निघताना मी मेट्रनबाईंकडून माझं ताट मागून आणलं होतं. अजून त्याच्यातच जेवते. पाठीमागचा ठिपका घासून घासून फिका झालाय, पण आहे. प्रशांत याच ताटात जेवायला शिकला. जेवण झालं की ताट उलटं करून ठिपक्यावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, आता सांग.

प्रशांत, शोभाताईंना हा लेख मी अजून पाठवलेला नाही. परवाही त्यांचा फोन आला, होतोय म्हणून सांगितलं. आधी तुला पाठवते आहे. त्यांना द्यायचा की नाही, ते तू ठरव. नोकरी तुझी आहे, भीती तुझी आहे, मी इथे नागपुरात बसून शूर होणार नाही.

पण तन्वीचं मी ठरवलंय. तिला मराठी समजतं, फक्त वाचता येत नाही. तेव्हा हे तूच तिला वाचून दाखव. एखाद्या सुट्टीच्या सकाळी, जिन्यात त्या पोस्टरखाली बसून. इंग्रजी करू नकोस. आणि ताटांची गोष्ट आली की घाई करू नकोस. तुला सांगताना मी त्यातला एक शब्द जरी गाळला, तरी तू घास खाली ठेवायचास.